पुस्तकावर ऑनलाइन लिहा, पण खातं शाबूत ठेवून

तीन दिवाळ्यांपूर्वी माझ्या मामेबहिणीचा पहिला कवितासंग्रह आला. पाडव्याला आम्ही सगळे सांगलीला मामाकडे जमलो होतो. जेवणं झाली, आणि श्रीखंडाच्या सुस्तीत कुणीतरी म्हणालं, "अरे, हिच्या पुस्तकाला ऑनलाइन रिव्ह्यू टाकूया की!" नऊ मोबाइल निघाले. वायफाय एकच, मामाचं. अर्ध्या तासात नऊ वेळा पाच तारे पडले. मावसभावाने तर माझंच वाक्य उचलून 'अप्रतिम'च्या जागी 'अतिशय अप्रतिम' केलं आणि टाकून दिलं.

आठवड्याभरात नऊच्या नऊ अभिप्राय गायब. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ॲमेझॉनच्या त्या संकेतस्थळावर चार वर्षांत मी लिहिलेली साठेक परीक्षणंही गेली, आणि यापुढे तुमचे अभिप्राय स्वीकारले जाणार नाहीत अशा अर्थाचा दोन ओळींचा मेल आला. ते एक सोडलं तर बाकी सगळी पदरचे पैसे घालून घेतलेल्या पुस्तकांवरची होती.

नव्याने लिहू लागलेले लोक मला विचारतात, "वाईट लिहिलं तर खातं बंद करतात का हो?" सहसा नाही करत. खातं मतामुळे क्वचित जातं, नात्यामुळे जातं. तुमच्या आणि लेखकाच्या, प्रकाशकाच्या किंवा विक्रेत्याच्या मध्ये काही धागा दिसला की स्थळाची यंत्रणा तुमच्याकडे संशयाने बघू लागते. आणि मराठी पुस्तकांचं जग केवढं? प्रकाशन समारंभाला तिसऱ्या रांगेत बसलेला माणूस पहिल्या रांगेतल्या निम्म्या लोकांना नावाने ओळखतो. त्यामुळे आपल्याला ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते.

आधी जागा ठरवा

मराठी वाचक मुख्यतः दोन ठिकाणी लिहितात, ॲमेझॉनवर आणि गुडरीड्सवर. ॲमेझॉनचं भारतातलं दुकान २०१३च्या जूनमध्ये उघडलं, सुरुवातीला पुस्तकं आणि चित्रपट एवढंच घेऊन. गुडरीड्स त्याच्या आधीचं, २००७ पासून लोकांसाठी खुलं असलेलं. तेही ॲमेझॉनने २०१३मध्येच विकत घेतलं. मालक एक असला तरी दोन्हीकडचे नियम निराळे आहेत.

ॲमेझॉन हे दुकान आहे. तिथे वाचणारा माणूस पुस्तक घ्यावं की न घ्यावं या विचारात असतो. कुणीही आलं आणि खातं काढून लगेच लिहिलं, असं तिथे चालत नाही. अमेरिकेतल्या ॲमेझॉनवर मागच्या १२ महिन्यांत किमान ५० डॉलरची खरेदी केलेली असावी लागते, आणि सवलतीची रक्कम त्यात धरत नाहीत. आपल्याकडचा चालू आकडा नियमांच्या पानावर बघून घ्या. केवळ मित्राच्या पुस्तकावर लिहिण्यासाठी काल काढलेलं खातं इथेच अडतं, आणि ते अडावं म्हणूनच ही अट आहे.

पुस्तक तिथूनच घेतलं असेल तर अभिप्रायावर खरेदीची खूण येते. पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं असेल, तरी खातं पात्र असल्यास लिहिता येतं, फक्त ती खूण येत नाही. त्यात कमीपणा काही नाही.

गुडरीड्स हे वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायचं कपाट आहे. तिथे खरेदीची अट नाही. पण ताऱ्यांचा अर्थ समजून घ्या. तिथे दोन तारे म्हणजे 'ठीक होतं', तीन म्हणजे 'आवडलं', चार म्हणजे 'खूप आवडलं'. आपल्याकडे शाळेच्या गुणांची सवय, तीन म्हणजे जेमतेम साठ टक्के असं वाटतं. माझ्या एका लेखक-मित्राने तीन ताऱ्यांवरून महिनाभर अबोला धरला होता.

मराठी पुस्तक तिथे सापडलं नाही तर लगेच नवी नोंद करू नका. आधी देवनागरीत शोधा, मग रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी. 'चाळ' कुणी एका 'ए'ने लिहितो, कुणी दोन. एकाच पुस्तकाच्या चार नोंदी झाल्या की अभिप्राय चार जागी विखुरतात, आणि मग त्या जुळवत बसण्याचं काम तिथल्या स्वयंसेवक ग्रंथपालांच्या गळ्यात पडतं.

एक माणूस, एक खातं

आपल्या घरांत खरेदीचं खातं बहुतेक वडिलांच्या नावावर असतं आणि ते अख्खं घर वापरतं. मुलगी कादंबरीवर लिहिते, आई त्याच खात्यावरून मिक्सरवर लिहिते आणि आजोबा ज्ञानेश्वरीच्या आवृत्तीवर. इथवर चालून जातं. पण घरातल्या तिघांनी तीन खात्यांवरून एकाच पुस्तकाला पाच तारे दिले की ते नियमात बसत नाही. एका वस्तूवर एका घरातून अनेक अभिप्राय चालत नाहीत. म्हणून पुस्तकांवर लिहायचं असेल तर स्वतःचं खातं काढा, खरेदीही त्यावरूनच करा आणि घरात एका पुस्तकावर एकानेच लिहा.

दिसणारं नाव टोपणनाव असलं तरी हरकत नाही. 'वाचनवेडा सातारकर' खुशाल ठेवा. टोपणनाव घेणं वेगळं आणि दोन-तीन माणसं असल्याचं सोंग घेणं वेगळं. पासवर्ड भक्कम ठेवा, ओटीपी कुणालाही सांगू नका. "तुझं खातं जुनं आहे, दोन दिवस दे" असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

लिहायच्या आधी नातं तपासा

खरी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

स्वतःला विचारा, या पुस्तकाशी माझा वाचक यापलीकडे काही संबंध आहे का? लेखक नात्यातला, जवळचा मित्र, सहकारी आहे? मी मुद्रितं (प्रूफं) तपासली आहेत? मुखपृष्ठ केलंय? मलपृष्ठावरचा मजकूर माझा आहे? प्रकाशकाकडे मी नोकरीला आहे, किंवा माझंही पुस्तक त्याच्याकडे यायचंय? मी स्वतः त्याच विषयावर लिहितो आणि हे पुस्तक माझ्या पुस्तकाशी स्पर्धा करतंय? यातल्या एकालाही 'हो' असेल तर ॲमेझॉनवर लिहू नका. तारीफ करायची असली तरी नाही आणि झोडपायचं असलं तरी नाही. मामेबहिणीचं कौतुक फेसबुकवर करा, "ही माझी बहीण" असं सांगून करा. तिथे ते शोभतंही.

फुकट मिळालेल्या प्रतीचं काय? जुन्या मासिकांत आणि वर्तमानपत्रांत आलेल्या पुस्तकांची नोंद घेणारं 'साभार पोच'चं सदर असायचं, आणि 'अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवाव्यात' अशी सूचना. प्रत पाठवली म्हणून स्तुती होईलच असं कुणी गृहीत धरत नसे. ऑनलाइनही नेमका तोच संकेत आहे. ॲमेझॉनने २०१६च्या ऑक्टोबरमध्ये फुकट वस्तूच्या बदल्यात अभिप्राय घेण्यावर बंदी आणली, पण पुस्तकांच्या आगाऊ, म्हणजे प्रकाशनाआधीच्या, प्रती देण्याची जुनी रीत चालू ठेवली. अट एवढीच की, अभिप्राय लिहिलाच पाहिजे किंवा चांगलाच लिहिला पाहिजे असं लेखक-प्रकाशकाने म्हणता कामा नये. तुम्ही पहिल्याच ओळीत सांगून टाका: "प्रकाशकाने प्रत पाठवली होती, मत माझं आहे." एवढ्याने काम होतं. "प्रामाणिक अभिप्रायाच्या बदल्यात प्रत मिळाली" असं मात्र लिहू नका. 'बदल्यात' हा एक शब्द व्यवहार झाल्याचं सांगतो.

आता पैशाचा भाग. हल्ली एक नवीन तऱ्हा निघाली आहे: "तुम्ही पुस्तक ऑर्डर करा, पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे जीपेवर परत." खरेदीची खूण यावी म्हणून ही खटपट. दीडशे-दोनशे रुपयांच्या पुस्तकापायी खातं पणाला लावू नका. शिवाय जीपेची नोंद कायम राहते.

याचाच धाकटा, पण जास्त विषारी भाऊ म्हणजे टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरची 'रिव्ह्यू टाका, घरबसल्या कमवा' ही नोकरी. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच येतात. मग 'प्रीमियम टास्क'साठी तुमच्याकडूनच हजारो रुपये भरून घेतात, आणि ते परत येत नाहीत. कुणी फसलं असेल तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. अभिप्रायाच्या खात्याचा विचार नंतर.

कायदाही यात आहे. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय टाकायला मनाई आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं 'आयएस १९०००:२०२२' हे मानकही २०२२च्या नोव्हेंबरमध्ये आलं, ते ऐच्छिक आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी जास्त जपावं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, खोट्या अभिप्रायांविरुद्धचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, आणि जाणूनबुजून केलेल्या एकेका उल्लंघनाला दंड पन्नास हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. तो नियम मुख्यतः धंदेवाल्यांसाठी आहे. पण न्यू जर्सीत बसून स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणारा लेखकही धंदेवालाच ठरतो.

टोपणनावामागे लपता येतं असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. २००४च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनच्या कॅनडातल्या स्थळावर तांत्रिक घोटाळा झाला आणि काही दिवस निनावी परीक्षकांची खरी नावं दिसू लागली. स्वतःच्याच पुस्तकाची आरती ओवाळणारे लेखक त्यात उघडे पडले. २०१०मध्ये लंडनमधल्या एका नामवंत इतिहासकाराने टोपणनावाने स्वतःच्या पुस्तकाची स्तुती आणि प्रतिस्पर्ध्यांची निंदा केल्याचं बाहेर आलं. शेवटी जाहीर माफी आणि नुकसानभरपाई.

लिहिताना

मोबाइलच्या चौकटीत थेट टाइप करू नका. आधी नोट्समध्ये किंवा वहीत लिहा आणि रात्र जाऊ द्या. रागात लिहिलेलं सकाळी स्वतःलाच परकं वाटतं.

माझ्याच एका कच्च्या खर्ड्यातल्या ओळी देतो. पुस्तक होतं एक ऐतिहासिक कादंबरी:

"पाकीट फाटकं आलं, कुरिअरवाला उर्मट. लेखकाला इतिहासाचा गंध नाही, कुठून तरी चोरून लिहिलंय. पैसे वाया. माझ्या ब्लॉगवर सविस्तर वाचा."

चार वाक्यं आणि चार अडचणी. पाकीट आणि कुरिअर हा पुस्तकाचा दोष नाही. ती तक्रार विक्रेत्याच्या अभिप्रायात किंवा ग्राहक सेवेकडे करायची, पुस्तकाखाली टाकली तर ती काढली जाते. 'चोरून लिहिलंय' हा आरोप आहे, मत नव्हे. पुरावा हातात नसेल तर तो मनातच ठेवा. बाहेरचा दुवा ॲमेझॉनवर चालत नाही. आणि 'पैसे वाया' का, ते कुठेच सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच असं झालं:

"पहिली शंभर पानं ओढून नेतात. पुढे मात्र सतराव्या शतकातली पात्रं आजच्या पुण्यातल्यासारखी बोलू लागतात. एक सरदार चक्क 'टेन्शन घेऊ नका' म्हणतो. लढाईच्या प्रकरणात तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. जोडाक्षरांच्या चुका दर चार-पाच पानांवर आहेत. वेगवान कथानक हवं असेल त्यांनी घ्यावं, इतिहास म्हणून घेऊ नये. दोन तारे."

हे पहिल्यापेक्षा जास्त झोंबतं, आणि तरीही जागच्या जागी आहे.

पुस्तक आणि माणूस यांतली रेघ कुठे ओढायची, हे आपल्या दंडसंहितेत फार मजेदार रीतीने सांगितलंय. १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९९ कलमाला सहावा अपवाद होता, तो आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमात आहे. लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवलेल्या कृतीबद्दल सद्‍भावनेने दिलेलं मत ही बदनामी नव्हे, असं तो म्हणतो. पुस्तक छापणारा माणूस ते लोकांच्या निवाड्यासाठीच ठेवतो, हेही तिथेच उदाहरणात आहे. 'अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, अमका दुबळाच असला पाहिजे' असं म्हटलं तर अपवादात बसतं, कारण मत पुस्तकातून दिसणाऱ्या माणसापुरतं आहे. पण 'पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल काय, अमका मुळातच दुबळा आणि बाहेरख्याली' असं म्हटलं की संरक्षण संपलं. आधी पुस्तक आणि त्यातून दिसेल तेवढाच लेखक, हा क्रम उलटला की गाडी घसरते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याला आजच्या कमेंटचा इतका अंदाज कसा, कोण जाणे.

गुडरीड्सचा दंडकही याच अंगाचा आहे. २०१३च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की पुस्तकाऐवजी लेखकाच्या वागणुकीवरच बेतलेली परीक्षणं काढली जातील. म्हणजे लेखक समारंभात तुमच्याशी तुसडेपणाने वागला, हे तिथे नको. आणि पुस्तक न वाचता, नुसत्या जाहिरातीवरून किंवा लेखकाच्या राजकारणावरून एक तारा देऊ नका. कुठल्याही बाजूने टोळधाड आली की काही काळ त्या पुस्तकावर लिहिणंच थांबवण्याची सोय आता गुडरीड्सकडे आहे, आणि त्या गर्दीत तुमचं नाव असायला नको.

उतारे थोडेच घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात समीक्षेसाठी वाजवी उद्धरणाला मुभा आहे. दोन-चार ओळी ठीक. आख्खी कविता किंवा पानापानांचे फोटो नकोत. मलपृष्ठावरचा मजकूर उचलून स्वतःचा म्हणून टाकणं तर नकोच नको. आणि शेवट फोडत असाल तर गुडरीड्सवर रहस्यभेदाची ('स्पॉइलर'ची) खूण करायची सोय आहे, ती वापरा.

टाकताना घाई नको

नवं खातं उघडून पहिल्याच रात्री तीस जुनी परीक्षणं ओतली तर ते माणसाचं काम दिसत नाही. आठवड्याला एक-दोन टाका, तीन-चार ताऱ्यांची पण टाका. ज्या खात्यावर फक्त पाच तारे आहेत आणि तेही एकाच प्रकाशकाच्या पुस्तकांना, ते खातं प्रामाणिक असलं तरी तसं दिसत नाही. अभिप्रायाखालचं 'उपयुक्त' हे बटण ग्रुपमध्ये सांगून दाबून घेऊ नका. साहित्यिक ग्रुपवर "सर्वांनी कृपया पाच स्टार द्यावेत 🙏" असा निरोप येतोच. मी आता उत्तरात लिहितो, "पुस्तक मागवलंय, वाचून कळवतो." एवढ्यावर बहुतेकांचा उत्साह मावळतो.

लेखकाने तुमच्या परीक्षणाखाली वाद घातला तर उत्तर देऊ नका. मजकुरात खरोखर चूक असेल तर दुरुस्त करा, आणि दुरुस्ती केल्याचं एका ओळीत सांगा. इनबॉक्समध्ये धमकी आली तर स्क्रीनशॉट घ्या, स्थळाकडे तक्रार करा, त्याला ब्लॉक करा. तारे कमी-जास्त करण्याचा सौदा मात्र कुणाशीच नको, चांगुलपणातूनही नको.

तरीही खातं बंद झालंच तर

दुसरं खातं काढू नका. पहिली उबळ तीच येते, मलाही आली होती. त्याच पत्त्याने, त्याच फोनने उघडलेलं दुसरं खातं सापडलं की बंदी चुकवल्याचा ठपका बसतो, आणि मग पहिल्याची आशाही जाते.

आलेला मेल दोनदा वाचा. त्यात नियमाचा दुवा असेल तर तो नियम वाचा. मग एकदाच, थोडक्यात उत्तर पाठवा: कोणतं खातं, कोणत्या तारखेपासून बंद, कोणत्या अभिप्रायामुळे झालं असावं, आणि त्या पुस्तकाशी तुमचा संबंध होता की नव्हता. संबंध असेल तर कबूल करा. "माझ्या नातेवाइकाच्या पुस्तकावर नियम माहीत नसताना लिहिलं, तो अभिप्राय कायमचा काढावा, बाकीच्यांचा फेरविचार व्हावा" एवढं पुरे. मराठी वाचकांची सेवा, मातृभाषेवरचा अन्याय वगैरे घालू नका. तो मेल वाचणाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. रोज स्मरणपत्रंही नकोत.

माझ्या उत्तराला अकराव्या दिवशी जबाब आला: निर्णय कायम. खरेदी चालू राहिली, लिहिणं बंद.

म्हणून हे काम आजच करून ठेवा. गुडरीड्सवर 'माय बुक्स'मध्ये डाव्या बाजूला आयात-निर्यातीचा दुवा आहे. तिथून तुमची सगळी यादी, तारे आणि परीक्षणं एका फाइलमध्ये उतरतात, आणि ती एक्सेलमध्ये उघडते. संगणकावरून करा, मोबाइलवर तो दुवा शोधण्यात वेळ जातो. ॲमेझॉनवर लिहिलेलं मात्र टाकायच्या आधीच स्वतःकडे उतरवून ठेवायचं. माझ्या साठातली अकरा परीक्षणं वहीत सापडली, तीही मी त्या वर्षी नवीन शाईचं पेन घेतलं होतं म्हणून.